ठिबकने बदलणारे पाणी

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच फिशटँकमध्ये, वाळू-दगड वजा जाता, सहाशे लिटरच्या आसपास पाणी मावते. दर आठवड्याला त्याचा पाव भाग बदलायचा म्हटले तर पंधरा लिटरच्या दहा बादल्या बाहेर आणि दहा आत. नवा टँक घरात आला की हे काम हौसेने होते. पुढे मुलांच्या परीक्षा येतात, पाहुणे येतात, कंबर धरते. आठवड्याचे पंधरा दिवस होतात आणि पंधरा दिवसांचा महिना. मोठ्या टँकची हौस इथेच मोडते. म्हणून पाणी बदलण्याचे काम माणसाच्या अंगावरून काढणे आम्हाला गरजेचे वाटते; फक्त त्यातले काय काढायचे आणि काय ठेवायचे, याचा विचार आधी व्हायला हवा.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. नेहमीच्या फिल्टरची धाव तिथपर्यंतच. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते, पण ते साचत जाते. पाणवनस्पती थोडे उचलतात, उरलेले पाण्याबरोबरच बाहेर काढावे लागते. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका भांड्यात ठेवून, असे भांडे आपला तोल आपणच राखते, असे मांडले. दोन माशांपुरते ते चालूनही गेले. आपण मात्र टँक मोठा झाला की मासेही त्याच हिशेबाने वाढवतो.

तुंबलेल्या पाण्यात याहून घातक एक गोष्ट घडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. पाण्यातले कार्बोनेट ते आम्ल पचवतात, पण महिनोन्महिने नवे पाणी आले नाही तर कार्बोनेट संपतात आणि सामू उतरू लागतो. उतरलेल्या सामूत जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो; पण तो बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि अमोनियम फारसे विषारी नसते. मासे हळूहळू त्या पाण्याला सरावतात. मग एखाद्या रविवारी घरातले कोणीतरी कंबर कसते आणि निम्मे पाणी बदलते. ताज्या पाण्याने सामू एकदम चढतो, अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो आणि सकाळपर्यंत मासे तरंगतात. दोष येतो नळाच्या पाण्यावर. रोज थोडे पाणी बदलणाऱ्या टँकवर ही पाळी येत नाही, कारण त्यातले पाणी नळाच्या पाण्यापासून कधी फार दूर जातच नाही.

त्यासाठी लागणारी वस्तू जळगावच्या केळीच्या आणि नाशिकच्या द्राक्षांच्या बागांत हजारोंनी लागलेली असते: चार लिटरचा ड्रिपर. तासाला चार लिटर हा त्याचा आकडा साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला धरलेला असतो. टँकपेक्षा मीटरभर उंच फळीवर पंचवीस लिटरचा ड्रम ठेवून साधा, दाब-नियंत्रण नसलेला ड्रिपर लावला, तर तो तासाला सव्वा लिटरच्या आसपास देतो, म्हणजे ड्रम साधारण दिवसभर पुरतो. मोजमापाच्या भांड्यात तासभर पाणी धरून खात्री करावी. पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतात. महिन्या-दोन महिन्यांनी तो व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवावा.

या पद्धतीत थोडे पाणी वाया जाते, हे मान्य करायला हवे. आठवड्याचे १७५ लिटर एकदम बदलले तर जुन्या पाण्याचा २९ टक्के भाग निघतो. ठिबकने घातले तर नवे पाणीही जुन्याबरोबर वाहून जाते आणि प्रत्यक्षात २५ टक्केच निघतो. बाष्पीभवन धरले तर आणखी थोडे कमी. मिळणाऱ्या स्थैर्याच्या मानाने हा तोटा क्षुल्लक आहे.

पाणी बाहेर जाण्यासाठी काचेला वरच्या काठाखाली इंचभर अंतरावर भोक हवे. ते टँक बनवतानाच पाडून घ्यावे. टफन्ड काचेला नंतर भोक पाडायला गेले तर ती फुटते. सायफनने किंवा पंपाने पाणी काढले तर एखाद्या दिवशी टँक तळापर्यंत रिकामा होऊ शकतो. भोकातून सांडणारे पाणी भोकाच्या खाली उतरूच शकत नाही. आता समजा, भोकाच्या जाळीवर पान चिकटले किंवा गोगलगाय बसली आणि वाट पूर्ण बंद झाली. सहा बाय दोन फुटांच्या टँकमध्ये वरचे एक इंच म्हणजे बरोबर एक घनफूट, २८ लिटर. ड्रममध्ये आहेत पंचवीस. सगळे बिघडले तरी फरशीवर थेंब पडत नाही.

बाजारात याहून हुशार व्यवस्था मिळतात: थेट नळाच्या लाइनला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्याला टायमर, पातळी बघायला फ्लोट स्विच. पण व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा कण अडकला किंवा फ्लोटवर शेवाळ धरले, तर गच्चीवरची अख्खी टाकी दिवाणखान्यात येते आणि तिथून खालच्या मजल्यावरच्यांच्या छतात. सेन्सर वाढवून ही भीती जात नाही. आत येऊ शकणारे पाणीच मोजके ठेवले तर जाते. म्हणून ड्रम भरायचा नळ माणसानेच सोडावा आणि माणसानेच बंद करावा, असे आमचे मत आहे. दोन मिनिटांचे काम आहे. त्याच वेळी ड्रममध्ये अँटी-क्लोरीनचे थेंब टाकता येतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास वाढला, टँकरचे पाणी आले, बोअर सुरू झाली, हे त्या दोन मिनिटांतच कळते. तळाची घाण पाइपने ओढणे आणि जाळी पुसणेही हातानेच व्हायला हवे. खाऱ्या पाण्याच्या टँकला ही रचना चालत नाही. तिथे क्षारता मोजूनच पाणी घालावे-काढावे लागते.

राहता राहिला पाण्याचा हिशेब. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखल्या जातात. टँकचे रोजचे पंचवीस लिटर म्हणजे त्याचा जवळजवळ पाचवा भाग. सांडणाऱ्या पाण्यातले नायट्रेट झाडांना खतच असते, तेव्हा तो पाइप मोरीत न सोडता गॅलरीतल्या कुंड्यांकडे न्यावा. माशांना औषध चालू असेल तेवढे दिवस मात्र नको. पाणीकपात लागली की ठिबक निम्मी करावी आणि खाद्यही निम्मे. अमोनिया येतो तो मुख्यतः खाद्यातूनच आणि निरोगी, वाढलेल्या माशांना काही आठवडे कमी खाणे सोसते. ज्या सोसायटीला दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे सहा फुटांऐवजी तीन फुटांचा टँक आणि त्यात मोजके मासे ठेवावेत.