हाडांच्या ओपीडीत पहिली खुर्ची फिजिओची

वणी-दिंडोरी पट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, माणसं दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर धरून उभी असतात. मग कुणाचा खांदा आखडतो, कुणाची मान धरते. 'मणक्यात गॅप' हे निदान गावातच होऊन गेलेलं असतं. एक्स-रेचं पाकीट पिशवीत घालून मंडळी नाशिकला हाडांच्या डॉक्टरांकडे निघतात.

यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. नीट तपासणी, व्यायाम आणि काही आठवडे पाठपुरावा एवढ्यावर भागतं. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना अस्थिरोग ओपीडीत आधी अनुभवी, खास प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तपासतो आणि गरज असेल त्यालाच सर्जनकडे पाठवतो. १९९९ साली तिथे प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे फिजिओ आणि कनिष्ठ सर्जन यांची तुलना झाली. रुग्णांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. फिजिओंनी एक्स-रे कमी काढायला लावले, रुग्णालयाचा खर्चही घटला.

तरी आपल्याकडचे सर्जन बिचकतात, आणि ते उगाच नव्हे. पाठदुखी म्हणून आलेल्या बाईला संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरलंय, दुखण्याने रात्री झोप मोडते. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तिला महिनाभर शेक देत बसलं तर पाय लुळे पडण्यापर्यंत वेळ येते. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी सर्जन गाठावा लागतो. हे हुकलं तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

पण त्यावर उपाय फिजिओला दाराबाहेर ठेवणं नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टला तपासणीचा आणि स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार दिला आहे. आपण मात्र पाटीवर अडलो आहोत! सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. रांगेतल्या माणसाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. धोक्याच्या खुणा ओळखण्याचं पदव्युत्तर प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा त्याने आखावी. मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस सर्जन आणि फिजिओ शेजारी-शेजारी बसवावेत. कोणता रुग्ण तात्काळ आत पाठवायचा, एक्स-रे कुणी लिहायचा, हे कागदावर ठरलेलं असावं. पहिले सहा महिने प्रत्येक केस पेपरवर दोघांच्याही सह्या असाव्यात, आणि फिजिओने घरी पाठवलेल्यांपैकी किती जण दुखणं वाढून परत आले याची नोंद सर्जननेच तपासावी.