चिवड्याच्या हिशेबात न धरलेले तास



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांत दिवाळीच्या फराळाची तयारी सुरू झालेली असेल. गच्चीवर, अंगणात, चाळीच्या गॅलरीत जुन्या साडीवर पातळ पोहे उन्हाला पडले असतील. एक वेळ करंज्या राहून गेल्या तरी चालेल, पण डबाभर चिवडा हवाच, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. आमच्यापैकी अनेकींच्या लहानपणात हा चिवडा आहे: त्यातले खोबऱ्याचे काप वेचून खाल्ले म्हणून बसलेला धपाटा, शेजारी द्यायच्या ताटावरचा विणलेला रुमाल. घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी अनेक घरांत कढई चढत नाही. मग शेजारणी आणि नात्यातल्या बायका न सांगता डबे आणून ठेवतात. बायकांनी बायकांसाठी जपलेली ही रीत आम्हाला मोलाची वाटते. म्हणूनच तिच्याविषयी आज थोडे वेगळे बोलायचे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका वस्तीतल्या आमच्या गटाने फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे ठरवले. पाच किलो चिवड्याचा हिशेब मांडायला सगळ्या बसल्या. पोहे, शेंगदाणे, डाळे, सुके खोबरे, तेल, मिरच्या, कढीपत्ता, हळद-हिंग, गॅस, पिशव्या. एकीने चिमूटभर खसखशीचे पैसेही विसरू दिले नाहीत. बेरीज झाली, वर किलोमागे थोडा नफा चढवला. कार्यकर्तीने विचारले, ‘आणि तुमची मजुरी?’ सगळ्या हसल्या. ‘अहो ताई, चिवडा तर आम्ही घरी करतोच की! त्याची कसली मजुरी?’

खसखस हिशेबात आली, पण बाईचे तास आले नाहीत. हे का झाले, याचा विचार आपण केला पाहिजे.

मग त्या दिवशी गटात नुसते काम सांगायला सुरुवात झाली. पोहे निवडायचे, ऊन द्यायचे, चाळून कणी काढायची. मंद आचेवर एकेक घाणा भाजायचा. आच वाढली तर पोहे आकसतात, कमी पडली तर वातड राहतात, आणि जोरात ढवळले तर मोडतात. खोबऱ्याचे काप पातळ आणि सारखे हवेत. मिरची आणि कढीपत्ता फोडणीत पार कुरकुरीत झाले पाहिजेत, नाहीतर त्यांच्यातल्या ओलाव्याने चार दिवसांत सगळा डबा सादळतो. मीठ-साखरेचे प्रमाण कुठे लिहिलेले नसते. मग मोठ्या परातीत हलक्या हाताने कालवायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, तेव्हा कुठे डब्यात. सांगता सांगता बायकांच्याच लक्षात आले की निवडण्यापासून डब्याचे झाकण लावेपर्यंत दिवसाचा मोठा भाग जातो. आणि हे सारे रोजचा स्वयंपाक, पाणी, धुणी आणि दिवाळीची साफसफाई सांभाळून!

कारखान्यात आच, वेळ आणि प्रमाण यांचा असा अंदाज असणाऱ्याला कुशल कामगार म्हणतात. घरात आपण म्हणतो, ‘आईच्या हाताला चवच आहे.’ या कौतुकात प्रेम आहे, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे शिकून कमावलेले कसब त्या एका वाक्याने निसर्गाची देणगी होऊन जाते. आणि देणगीला कोणी दाम मागत नाही. गंमत अशी, की ज्या हाताची चव वाखाणली जाते, त्याच हाताला पाळीच्या दिवसांत फराळाच्या डब्याला शिवायची आजही कित्येक घरांत बंदी आहे.

हा केवळ चार घरांचा अनुभव नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत असे दिसले की, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही जवळपास तेवढीच घटली! तोच चिवडा विकला तर देशाच्या उत्पन्नात धरायचा, घरच्यांसाठी केला तर नाही, हा अर्थशास्त्राचा नियमही आपल्या ओळखीचाच आहे.

‘मग विकतचा आणा’ असे कोणी म्हणेल. जरूर आणावा. बाई थकली असेल तर तिने अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. पण पाकिटातला चिवडाही बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी बाईनेच भाजलेला, भरलेला असतो. घरात ज्या श्रमाचा हिशेब नाही, त्याला बाजारातही भाव मिळत नाही. तिला कमी मजुरी देताना मालकही हेच म्हणतो, ‘बायकांचंच तर काम!’

याला वेगळे उत्तर शोधणाऱ्या बायका आपल्याकडे होऊन गेल्या आहेत. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभी राहिली, आणि तिथे लाटणारी बाईच संस्थेची मालक सभासद ठरली. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या जाचातून सुटण्यासाठी बँकेचा दरवाजा उघडला. रांधणे तेच होते. फरक पडला तो बायकांनी एकत्र बसून हिशेब आपल्या हाती घेतल्याने.

आमच्या गटानेही हिशेब पुन्हा मांडला, तासांचे पैसे धरले. भाव वाढला. ‘घरचाच तर चिवडा, एवढा महाग?’ म्हणत काही गिऱ्हाइके गेली, काही टिकली. गेलेल्यांत आपल्या चळवळीतल्या ओळखीच्या मैत्रिणीही होत्या, हे इथे नोंदवायलाच हवे.

म्हणून या दिवाळीत एवढे करू या. गटाकडून फराळ घेताना घासाघीस करायची नाही. घरी चिवडा करणार असाल तर परातीशी नवऱ्याला आणि मुलाला बसवा. ‘मदत’ म्हणून नव्हे, एक घाणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचा. पहिला करपेल, करपू द्या. आपलाही करपला होता. आणि फराळाला कोणी किती तास दिले, ते एका कागदावर लिहून दिवाळीनंतरच्या बैठकीला घेऊन या. बरोबर डबाही आणा. चिवडा खातखातच तो कागद वाचू.

— संपादक मंडळ