वेसाव्याचे 'मूळ रक्त': एका सोयीच्या मिथकाविषयी

#धागा

१/ वर्सोव्याविषयी दोन दावे समाजमाध्यमांवर पाळीपाळीने फिरत असतात. पहिला असा की, वर्सोव्याचा मूळ वंश कोळ्यांचा. तो शुद्ध, बाकीचे सारे उपरे. दुसरा त्याचा प्रतिपक्ष: या किनाऱ्यावर प्रत्येक जण कुठून ना कुठून आलेलाच आहे, मग कोळ्यांचा तेवढा वेगळा हक्क कशाला? दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात आणि दोघेही एकाच गृहीतकावर उभे असतात, ते म्हणजे भूमीवरचा हक्क रक्ताने ठरतो. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीतकच टिकत नाही.

२/ आधी गावाविषयी. 'वर्सोवा' हे कागदोपत्री रूढ झालेले रूप. कोळीवाड्यातील माणूस आजही 'वेसावे' म्हणतो. मालाडच्या खाडीच्या मुखावर वसलेल्या या गावाचा किल्ला मात्र गावात नाही. तो खाडीपलीकडे, मढच्या टोकाला आहे. (किल्ला पाहायला वर्सोव्यात उतरलेल्या अनेक दुर्गप्रेमींना हे तरीच्या धक्क्यावर कळते.)

३/ हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १५३४ च्या तहाने साष्टी त्यांच्याकडे गेली. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी वेसावे घेतले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर झडप घातली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. अडीचशे वर्षांत तीन राजवटी बदलल्या. प्रत्येक राजवटीबरोबर शिपाई, कारकून, पाद्री, व्यापारी आले. काही परतले, काही राहिले. अशा बंदरात एखादा समूह भोवतालापासून पूर्णपणे अलिप्त राहिला असे म्हणायचे, तर त्याला पुरावा लागेल. तो आजवर कोणी दिलेला नाही.

४/ किनाऱ्याची सरमिसळ पोर्तुगीजांपासून सुरू झाली असेही नाही. चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब होता. त्याचे नाव मुहम्मद, संस्कृत लेखात 'मधुमती'. त्याच शतकात अल-मसूदी चौलला आला, तेव्हा त्याला तेथे हजारो मुसलमान राहत असलेले दिसले. त्यांतल्या भारतात जन्मलेल्यांसाठी तो 'बयासिरा' हा वेगळा शब्दही नोंदवतो. खुद्द साष्टी बेटावर, कान्हेरीच्या लेण्यांत, १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशांनी ते कोरून ठेवले. बौद्ध लेण्यात पारशी प्रवाशांची नावे, आणि भोवती शिलाहारांचे राज्य! 'शुद्ध' किनारा शोधणाऱ्याने हे एक दालन तरी पाहून यावे.

५/ आता वेसाव्याच्या बोटीवर या. बोटीचा मालक 'नाखवा'. शब्द फारसी 'नाखुदा'वरून आलेला. हाताखालचा 'खलाशी' अरबीतून आला, 'बंदर' फारसीतून. मासळी उतरल्यावर जो 'लिलाव' होतो, तो शब्द पोर्तुगीज. यावरून कोळ्यांच्या अंगात इराणी वा पोर्तुगीज रक्त आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. शब्द संपर्काचा पुरावा असतो, वंशाचा नव्हे. पण समाजमाध्यमांवर नेमकी हीच चूक उलट दिशेने केली जाते: दोन शब्द जुळले की 'कोळी मूळचे अमुक देशाचे' असा सिद्धान्त तयार!

६/ देवतांचेही तसेच. वेसाव्यात हिंगळादेवीचे मंदिर आहे. हिंगलाजचे मूळ स्थान बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याजवळ. लगेच कोणी म्हणेल, कोळी सिंधमधून आले. परंतु देवी जहाजाने, व्यापाऱ्याबरोबर, यात्रेकरूबरोबर, कथेबरोबरही प्रवास करते. तिच्याबरोबर सगळा समाजच उठून आला, असे मानण्याचे कारण नाही.

७/ सर्वांत मोठी गफलत 'कोळी' या नावाची आहे. किनाऱ्यावरचे सोनकोळी, पालघरकडचे मांगेला, खाडीकाठचे वैती आणि सह्याद्रीतले महादेव कोळी या सर्वांना एकाच वंशवृक्षाच्या फांद्या समजले जाते. इरावती कर्वे यांनी १९६१ च्या 'हिंदू सोसायटी' या ग्रंथात जातींविषयी जे प्रतिपादन केले, ते येथे लागू पडते. एकच धंदा आणि एकच नाव असलेल्या जाती म्हणजे एका जातीची शकले असतीलच असे नाही. वेगवेगळे समूह एका नावाखाली एकत्र दिसू शकतात. प्रत्येक समूहाचा बेटीव्यवहार स्वतंत्र असतो. नाव एक, म्हणून रक्त एक, हे अनुमान पहिल्याच पायरीवर घसरते.

८/ धर्माची सीमाही रक्ताची सीमा नव्हे. पोर्तुगीज काळात साष्टीतील कोळी, कुणबी, भंडारी, आगरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांचे वंशज आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात. घरात मराठीची बोली, जुन्या बायकांच्या अंगावर लुगडे, देवघरात क्रूस. हे नाव १८८७ चे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोवा आणि मंगळूरहून मुंबईत नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच आहोत, हे सरकारला कळावे हा त्यामागचा हेतू. भूमिपुत्रत्वाचा दावा आणि त्यासाठी निवडलेले नाव कंपनी सरकारची आठवण देणारे! उलट दिशेचा प्रवासही झाला. एकदा ख्रिस्ती होऊन पुन्हा हिंदू झालेल्या आगऱ्यांना जुन्या नोंदी 'उरप आगरी' म्हणतात. या माणसांच्या 'वंशा'चे काय करायचे? दर पिढीला बदलायचा?

९/ मग 'वंश' ही भाषा आली कोठून? १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी हिंदुस्थानातील माणसांची नाके मोजून त्यांची वंशवार वाटणी केली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धान्त. मराठी मुलखातील ब्राह्मण आणि कुणबी, दोघेही त्यांनी 'सिथो-द्रविड' नावाच्या एकाच खणात टाकले. शक आणि द्रविड यांच्या मिश्रणाची ही कल्पना आज कोणी गंभीरपणे घेत नाही. पण नाव बदलून ती व्हॉट्सॲपवर सुखाने नांदते आहे.

१०/ तिला पहिला मोठा शह मुंबईतूनच मिळाला. १९३२ साली गो. स. घुर्ये यांनी 'कास्ट अँड रेस इन इंडिया'मध्ये मोजमापे पुन्हा तपासली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातीची उतरंड व नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही, हे दाखवले. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमरूपतेवर संशोधन करीत होत्या. फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. कर्वे यांच्या प्रबंधाने त्यांच्या वंशविषयक अपेक्षेला दुजोरा दिला नाही. (पुढे महाराष्ट्रात त्यांनी स्वतःही माणसे मोजणे सोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे.) आणि २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी व हार्वर्डच्या संशोधकांनी जनुकीय अभ्यासातून दाखवले की भारताच्या मुख्य भूमीवरील जवळजवळ सर्व समूह मिश्र आहेत; हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले आणि नंतर जातिबाह्य विवाह घटत गेले. थोडक्यात, कुंपण जुने आहे, पण कुंपणाच्या आतले बी आधीच मिसळलेले आहे.

११/ या वादात वर्सोव्याचा एक रहिवासी नेहमी विसरला जातो. सात बंगल्यांचा परिसर नावाजला तो संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या हवेल्यांमुळे. परंतु १९०७ नंतर वर्सोव्यात येऊन राहिलेले दादाभाई नौरोजी धनिक म्हणून प्रसिद्ध नव्हते. १८६६ साली लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीत जॉन क्रॉफर्ड यांनी आशियाई वंश युरोपीयांहून हीन असल्याचे मांडले, तेव्हा त्याच सोसायटीसमोर निबंध वाचून त्याचे खंडन करणारे दादाभाईच. १८८८ साली ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी, मतदार 'काळ्या माणसाला' निवडणार नाहीत अशा अर्थाचे उद्गार त्यांच्याविषयी काढले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून ते अवघ्या काही मतांनी निवडून आले. वंशाच्या मोजपट्टीविरुद्ध आयुष्य घालवलेला हा माणूस १९१७ साली मृत्यू पावला तेव्हा वेसावे मासेमारांचे गावच होते. त्याला उपरा म्हणायचे का, हे 'मूळ रक्त'वाल्यांनी एकदा सांगून टाकावे.

१२/ आता दुसऱ्या पक्षाकडे. सारेच मिश्र, सारेच आलेले, म्हणून कोळ्यांचा हक्क संपला, हा युक्तिवाद बिल्डरला फार आवडतो. परंतु वेसाव्याच्या कोळ्यांचा हक्क कधीच नाकाच्या मापावर अवलंबून नव्हता. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली यांची वस्ती, खाडीच्या मुखावर पिढ्यान्‌पिढ्या नांगरल्या जाणाऱ्या होड्या, डोल जाळ्यांच्या ठरलेल्या जागा, मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांचा व्यवहार: हक्क या सलग वहिवाटीचा आहे. वहिवाटीला शुद्ध रक्त लागत नाही, सातत्य लागते.

१३/ कायद्याची भाषाही तीच आहे. राज्याच्या विशेष मागास प्रवर्गाच्या यादीत मच्छीमार कोळ्यांबरोबर ख्रिस्ती कोळ्यांचेही नाव आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांना वेगळी तरतूद मिळाली, आणि कोळीवाडा ओळखायचा तो १९८१ च्या विकास आराखड्यावरून किंवा राज्य शासनाच्या नोंदींवरून. तेथे वंशावळ कोणी मागत नाही, नकाशा मागतात.

१४/ म्हणून भांडण नकाशाचे व्हायला हवे. सीमांकन करताना घरे मोजली जातात. पण मासेमाराचे गाव घरांपाशी संपत नाही. बोंबील वाळवण्याच्या वलांडी, जाळी विणण्याची मोकळी जागा, होड्या ओढून ठेवण्याची पुळण हीदेखील गावच असते, आणि कागदावर ती सहज 'रिकामी जमीन' ठरते. मच्छीमार संघटनांची मागणी याच जागांची आहे. ज्या संध्याकाळी 'कोळी आर्य की द्रविड' यावर शेकडो प्रतिक्रिया पडतात, त्या संध्याकाळी या नकाशाविषयी प्रश्न विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.