घरच्या बाईंना हाक कशी मारायची?

परवा रात्री चिखलीच्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल. जर्मनीला शिकायला जाऊन तीन आठवडे झालेत, एका कुटुंबात राहते. खोली मस्त, माणसं चांगली. मग चेहरा का उतरलेला?

‘अगं ताई, घरच्या बाई म्हणतात, मला नावानंच हाक मार. आईच्या वयाच्या बाईला नावानं? जीभच रेटत नाही! म्हणून मी खोलीबाहेरच पडत नाही.’

हसू नका! बुलडाणा जिल्ह्यातून गेलेल्या पोरीला हा प्रश्न व्हिसापेक्षा मोठा वाटू शकतो. मी तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी ओळख फक्त पत्रांतली. आधी त्यांच्याच घरी उतरल्या आणि त्यांना चक्क ‘मावशी’ करून टाकलं! १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी समुद्रापार मावशीकडे पोचल्या आणि पकिप्सीला कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत विसावल्या. घरातली माणसं जिथं, तिथंच.

नातं कुणी आयतं देत नाही हो, हाक मारावी लागते.

काल पुन्हा फोन. बॅगेतलं बेसन निघालं, पिठलं झालं. फोडणीच्या धुरानं अलार्म कोकलला आणि...

‘...आणि मावशी टॉवेल घेऊन धावत आल्या ना!’

बघा, मावशी म्हणाली!