उन्हाळा चढण्याआधी सीड्या माळ्यावरून उतरवा

एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर जातो. बेचाळीस, त्रेचाळीस हे इथं नवल राहिलेलं नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर, छताला टेकलेल्या ट्रंकेत तर याहून जास्त तापतं. त्याच ट्रंकेत तुमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आहे. आजोबांच्या पंच्याहत्तरीची सीडी आहे. गावच्या सप्ताहातलं कीर्तन आहे. ती ट्रंक आज खाली घ्या. पुढच्या रविवारी नको, आजच घ्या.

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर इथल्या सगळ्या मराठी घरांना ही हाक आहे. साधारण २००० नंतरची दहा-पंधरा वर्षं आपण जे काही चित्रित केलं, ते या चकत्यांवर उतरलं. लग्नं, बारशी, जावळं, माणिकनगरची वारी, गाणगापूरचं दर्शन, सगळं. आणि बहुतेक घरांत प्रत एकच आहे. स्टुडिओवाल्याकडे दुसरी असेल या भरवशावर राहू नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं लग्न तो आजवर कशाला सांभाळेल?

चकती खराब कशी होते, तेवढं समजून घ्या. स्टुडिओत किंवा घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर त्या थरावर बारीक खुणा करतो, आणि त्या खुणा म्हणजेच आपलं रेकॉर्डिंग. ऊन, उष्णता आणि दमट हवा हा रंग हळूहळू मारतात. त्याच्या मागे धातूचा चकचकीत थर असतो. त्याला ओल लागली की तो काळवंडतो. दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या छापील सीडीत हा रंग नसतो, आणि ती गेली तरी दुसरी कुठंतरी मिळेल. तुमच्या आजीचा आवाज दुसरीकडे कुठं मिळणार?

सगळ्यात मोठा धोका असा की सीडी आधी सांगत नाही. कॅसेट खरखरायची, आवाज ओढला जायचा, आपण सावध व्हायचो. सीडीत मात्र चुका भरून काढायची सोय असते. थोडा भाग गेला तरी प्लेअर हिशेबानं तो पुरा करतो आणि चित्र स्वच्छ दिसत राहतं. नुकसान त्या सोयीच्या पलीकडे गेलं, की एक दिवस पडद्यावर चौकोन उमटतात, चित्र अडकतं, आणि त्यानंतर प्लेअर ती चकती ओळखतच नाही. म्हणून ‘दिवाळीला तर लागली होती’ असं म्हणून परत ठेवून देऊ नका. दिवाळीला लागली हे नशीब समजा आणि आता प्रत काढा.

प्रत काढणं अवघड नाही. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. चार घरांनी मिळून एक घ्या. कॉलेजात जाणारी भाची-पुतणी घरात असेल तर तिला बसवा. चकतीवरच्या सगळ्या फायली जशाच्या तशा उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तुकड्याला प्रत मानू नका, तिथं चित्र आक्रसतं आणि तपशील जातो. एका ड्राइव्हनं चकती वाचली नाही तर फेकू नका. दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एकानं नाकारलेली दुसरा कधी कधी वाचतो. टूथपेस्ट लावून घासण्याचे उपाय मात्र करू नका.

आणि एक कळकळीची विनंती. ज्वारीवरची पाखरं हाकायला सीड्या दोरीत ओवून शेतात टांगतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. टांगण्याआधी प्रत्येक चकती एकदा लावून बघा. वर काही लिहिलेलं नाही म्हणून आत काही नाही असं धरू नका.

आपल्या भागात या चकत्यांचं मोल अधिक आहे. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. आपली मराठी कन्नड आणि दखनीच्या शेजारानं घडली. ती पाठ्यपुस्तकात नाही, आकाशवाणीवरही फारशी ऐकू येत नाही. ती आहे लग्नाच्या डीव्हीडीत, हळदीच्या वेळी जात्यापाशी बसलेल्या बायकांच्या तोंडी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. आपल्या वाड्यावस्त्यांवर तसं कोणी येईल याची वाट बघू नका. तुमच्या घरचं तुम्हालाच राखायचं आहे.

मे १९४८ मध्ये गोरट्याच्या हत्याकांडात काय घडलं, रझाकारांच्या दिवसांत लोक कुठं लपले, १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाल्याचं गावात कसं कळलं, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता मोजकी उरली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. जे गेले, त्यांच्यापैकी कोणी नातवाच्या बारशाला कॅमेऱ्यासमोर दोन गोष्टी बोलून गेलं असेल. त्या चित्रणात काय आहे हे लावून पाहिल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार? लावून बघा.

आता जपणुकीचं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २००३ साली सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची पुस्तिका काढली. दीर्घकाळ ठेवायच्या चकत्यांसाठी तिच्यात ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आपल्याकडे हे कोणत्या घरात जमणार? पण घरातली सगळ्यात थंड, कोरडी, अंधारी जागा तर शोधता येते. आतल्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, पण शहाबादी फरशीला टेकवून नको. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत नको. देवघराच्या दिव्याजवळ नको, टीव्हीच्या डोक्यावर नको, जीपच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढताच चकतीवर पाणी धरतं.

प्रत्येक चकतीला कडक प्लास्टिकची स्वतंत्र डबी द्या. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. चकती धरताना कडेला आणि मधल्या भोकाला धरा. धूळ मऊ सुती कापडानं मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका, कारण रेकॉर्डिंग गोल गोल जातं आणि त्याच दिशेचा ओरखडा सलग मजकूर खातो. सीडीची नाव लिहायची बाजू दणकट वाटते, पण खरी नाजूक तीच. तिथं धातूच्या थरावर लाखेचं नुसतं पातळ आवरण असतं. त्यामुळे बॉलपेननं लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका, चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नका. मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या मार्करनं मधल्या पारदर्शक कड्यावर एक क्रमांक घाला. बाकी सगळं वहीत लिहा. देवनागरीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा. आपली नातवंडं कन्नड शाळेत शिकतात, उद्या ती वही त्यांनाच वाचायची आहे.

प्रत निघाली म्हणून थांबू नका. एक पेन ड्राइव्ह म्हणजे सुटका नव्हे. पेरणीचं बी कोणी एकाच कणगीत ठेवत नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर घरी ठेवा, दुसरी दुसऱ्या गावी. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचं पाणी अफजलपूरकडच्या घरांत शिरलं, ते आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप थोरांना विचारा. एकाच घरात ठेवलेलं सगळं एकाच रात्रीत जातं. सीमेनं आपली घरं वाटली, तर आता त्या वाटणीचा उपयोग करून घ्या. एक प्रत उदगीरच्या मावशीकडे द्या, एक जहीराबादच्या मामाकडे. त्यांच्याकडच्या प्रती तुम्ही सांभाळा. वर्षातून एकदा लावून बघा, आणि मूळ चकती फेकून देऊ नका.

घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर प्रत निघालेल्या दिवशीच त्यांना समोर बसवा. चित्र मध्येच थांबवा. ही कोण, तो कोणाचा, हे गाणं कोणाकडून शिकलीस, असं एकेक विचारा. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मांडव, पाहुणे आणि आखाजीची धावपळ सुरू होण्याआधी, याच आठवड्यात बसा.