बंदुकीच्या अर्जातला कारणाचा रकाना

पिंपरखेडच्या घटनेनंतर पंधरा दिवसांनी निरगुडसरला गेलो, तर चुलत्यांनी चहा संपायच्या आत लॅपटॉप उघडायला लावला. "तू कॉम्प्युटरमधला माणूस. बंदुकीच्या परवान्याचा फॉर्म आता ऑनलाइन असतो म्हणे. भरून दे."

त्यांचे काही चुकत नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात बिबट्याने तीन जीव घेतले. एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध महिला आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला, तेव्हा कुठे नेमबाज आले आणि बिबट्या मारला गेला. त्यानंतर शेतात जाणारी माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. चुलत्यांचा मळा गावापासून लांब, उसाला लागून. रात्री दारे धरायला तेच जातात.

अर्ज उघडला आणि परवाना कशासाठी हवा, या प्रश्नावर थांबलो. बिबट्या, चोर की माणसे? चुलते म्हणाले, "सगळंच लिही." हे 'सगळंच' एकेक करून बघायला हवे, कारण तिन्हींचे कायदे वेगळे आहेत.

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तरीही स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्‌हेतूने प्राणी मारला गेला, तर कलम 11(2) नुसार तो गुन्हा नाही. पण ही सूट माणसाच्या जिवापुरती आहे. शेळी किंवा वासरासाठी नाही. फडाच्या कडेला बंदूक घेऊन दबा धरून बसणे हा तर बचावच नव्हे. शिवाय बिबट्या येतो तो बहुधा मागून, वाकून काम करणाऱ्या माणसावर. खांद्यावरची बंदूक हातात येईपर्यंत काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. खिळ्यांचा पट्टा दिसायला केविलवाणा, पण त्यामागचा विचार बंदुकीपेक्षा जास्त शहाणा आहे.

चोराच्या बाबतीत मात्र आपला कायदा लोकांना वाटतो तितका दुबळा नाही. 'चोराला मारले तर आपणच आत जातो' हे प्रत्येक पारावर ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या दंडविधानातली 96 ते 106 तीच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून आत शिरत असेल, तर ते रोखताना त्याचा मृत्यू झाला तरी कलम 41 घरमालकाच्या बाजूने उभे राहते. जबरी चोरी आणि राहत्या घराला आग लावणे यांनाही तेच लागू आहे. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांचे संरक्षण मिळवण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. वाडी-वस्तीवर तेवढा वेळ नसतो, हे न्यायालयालाही समजते. दर्शन सिंग खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने हल्ला झालेल्या माणसाकडून पळून जाण्याची अपेक्षा कायदा करत नाही, असे स्पष्ट केले. तिथे शेताच्या वादात वडिलांवर वार झाल्यावर मुलाने गोळी झाडली होती. तो निर्दोष सुटला. पण घटना 1991 ची होती. शेवटचा निकाल यायला जवळपास 19 वर्षे गेली. हेही अर्ज भरताना लक्षात असावे.

अंगणात शिरलेला अनोळखी माणूस म्हणजे घरफोडी नव्हे. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी हा बचाव होता, हे पटवणे अवघड जाते. मोटारीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. कायद्याच्या लेखी मोटार हे घर नाही, त्यामुळे नुसती गाडी चोरणाऱ्याला ठार मारण्याचा हक्क नाही. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असावी लागते. अमेरिकेत फ्लोरिडाने 2005 मध्ये घराबरोबर आत माणूस बसलेल्या वाहनालाही विशेष संरक्षण दिले आणि पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. त्याच देशात एप्रिल 2023 मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, चुकीच्या दाराची घंटी वाजवणाऱ्या एका मुलावर आणि चुकून दुसऱ्याच्या आवारात वळलेल्या गाडीतल्या तरुणीवर घरमालकांनी गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, तरुणी गेली.

आता माणसे. जुलै 2024 ची गोष्ट सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत तेव्हा रात्री ड्रोन दिसत होते. चोर टेहळणी करतात अशी बोलवा होती आणि गावोगावी तरुण गस्त घालत होते. ऑफिस उरकून मी उशिरा गावी निघालो होतो. वाटेतल्या एका गावात दहा-बारा जणांनी गाडी अडवली. हातात काठ्या, बॅटरीचा झोत थेट तोंडावर. "कुठलं? नाव काय?" नाव सांगण्याआधी मी क्षणभर थांबलो. आमच्यापैकी ज्यांना असे थांबावे लागले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. मग नावाआधी गाव सांगितले, आजोबांचे नाव सांगितले. त्यांच्या हातचे कपडे शिवून घेतलेला एक जण गर्दीत निघाला. "अरे, हा तर आपल्या मास्तरांचा नातू!" पाच मिनिटांनी मी त्यांच्याबरोबर चहा पीत होतो.

कलम 44 मध्ये एक उदाहरण दिले आहे: जमाव जिवावर उठला आहे, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि जमावात लहान मुलेही आहेत, अशा वेळी झाडलेली गोळी गुन्हा ठरत नाही. त्या रात्री माझ्या गाडीत पिस्तूल असते, तर त्या उदाहरणातला माणूस मीच आहे असे मला वाटले असते. आणि त्यांच्यातल्या एकाकडे बारा बोअर असती, तर माझ्या त्या क्षणभर थांबण्याचा अर्थ त्याने काय लावला असता?

हे कल्पनेतले भय नाही. 1 जुलै 2018 ला धुळ्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मारले गेले. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. तिथे तर अटक झालेल्यांत एकही मुस्लीम नाही, हे गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले. मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गावाचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते.

आपल्या काही तरुण मित्रांचे म्हणणे निराळे आहे. आसाम सरकारने मे 2025 मध्ये 'संवेदनशील' भागांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचे ठरवले; मग आपणही मागावेत, असे ते म्हणतात. त्यांचा राग मला समजतो, मागणी पटत नाही. ओळख पाहून वाटलेली बंदूक शेवटी कुणाकडे जास्त असेल, याचे गणित करायला इंजिनिअर लागत नाही. आणि निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात. म्हणजे वातावरण सर्वांत तापलेले असताना ती घरात नसतात. आपल्या चळवळीने ज्याची मागणी करावी ते दुसरेच आहे: शेतीला दिवसा वीज, वस्त्यांवर दिवे, ठाण्यात पुरेसे मनुष्यबळ, आणि अफवेच्या पहिल्या रात्रीच गावात येऊन बोलणारा अधिकारी. राज्याला गृहमंत्री दिलेल्या गावाने एवढे मागणे जास्त नाही.

चुलत्यांना मी इतके सगळे ऐकवले नाही. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत साधी लाठी शस्त्र मानलेली नाही, एवढे सांगितले तेव्हा ते हसले. मग त्याच लॅपटॉपवर दुसरा अर्ज लिहिला: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आमच्या फीडरला दिवसा वीज कधी मिळणार? खाली वस्तीवरच्या सतरा जणांनी सह्या केल्या. बंदुकीचा अर्ज मसुद्यात तसाच पडून आहे. चुलत्यांनी तो पुसू दिला नाही.

या आठवड्यात आमची थ्री-फेज पुन्हा रात्रीची आहे. ते आणि शेजारचे सखाराम आबा जोडीने मोटार चालू करायला जातात, मोबाइलवर मोठ्याने भजन लावून.