लिलावातली तलवार
रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधील अर्थव्यवस्था ‘वास्तव’ असावी, असा आग्रह धरणारे वास्तवाची नक्कल आणि कलाकृतीची संभवनीयता यांत गल्लत करतात. ‘डायब्लो ३’मध्ये २०१२ साली खेळाडूंसाठी खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडण्यात आला, शस्त्राच्या प्रत्येक विक्रीमागे कंपनी एक डॉलर घेई. याहून वास्तव अर्थव्यवस्था ती कोणती? परंतु राक्षसांशी झुंजून मिळवायची तलवार विकत मिळू लागताच झुंजण्याचे प्रयोजनच उरले नाही. मार्च २०१४ मध्ये निर्मात्यांनाच तो बाजार गुंडाळावा लागला. शस्त्र आणि ते मिळविण्यासाठी केलेली कृती यांतील कार्यकारणभाव हाच या कथनप्रकाराचा प्राण आहे. तो तोडणाऱ्या बाजाराला वास्तववादाचे प्रशस्तिपत्र देणे हे समीक्षेचे दिवाळे होय.